आमची थकलेली बिलंही कर्जात धरा: वित्तमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि वित्त विभागातील वरिष्ठ अधिकारी,
मंत्रालय, मुंबई 400 032

विषय: पुरवठादारांची थकीत देयके आणि राज्याच्या कर्जाचा हिशेब

सन्माननीय वित्तमंत्री,

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका औद्योगिक वसाहतीत माझा गाळा आहे. वडिलांनी सुरू केला, त्यांच्यामागे मी चालवते. लोखंडी खाटा, पत्र्याची कपाटं, सलाइनचे स्टँड, वसतिगृहांचे दुमजली पलंग हा आमचा माल. गिऱ्हाईक बहुतांशी सरकारी: रुग्णालयं, आश्रमशाळा, वसतिगृहं.

मागच्या मार्चअखेरीस एका शासकीय कार्यालयाने माझं बिल ‘तरतूद उपलब्ध नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं. माल कधीच पोचला होता, तपासणी झाली होती, जडसंग्रह नोंदवहीत खाटांना नंबरसुद्धा पडले होते. नवीन आर्थिक वर्षात बिल पुन्हा सादर केलं. बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी आला, पण मागणीच्या मानाने इतका अपुरा की सगळ्यांना थोडं थोडं वाटून द्यायचं ठरलं. माझ्या वाट्याला जे आलं त्यात पत्रेवाल्याची जुनी बाकीही भागली नाही. उरलेल्या रकमेचं विचारायला गेले तेव्हा तिथले लेखाधिकारी म्हणाले, “मॅडम, वरूनच हात आखडता आहे. वित्तीय तूट मर्यादेत ठेवायची तर असं करावंच लागतं.” गृहस्थ सज्जन आहेत, आजवर माझ्याशी कधी वाकडं वागलेले नाहीत. पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. माझं बिल थांबवून जी तूट कमी दिसते, ती माझ्या कॅश क्रेडिट खात्यात, म्हणजे धंद्यासाठी बँकेतून उचल घ्यायच्या खात्यात, येऊन बसलेली असते. तिचं व्याज मी भरते.

राज्याचं कर्ज वाढलं म्हणून घाबरून लिहिणाऱ्यांपैकी मी नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पानुसार वर्षाअखेरीस राज्यावरचं कर्ज सुमारे 9 लाख 32 हजार कोटी रुपये होणार होतं, म्हणजे स्थूल राज्य उत्पन्नाच्या साधारण 19 टक्के. व्याजापोटी त्या एका वर्षात 64 हजार कोटींहून अधिक रक्कम धरली होती. महसुली जमेचा अंदाज होता 5 लाख 60 हजार 964 कोटी. जमा होणाऱ्या दर शंभर रुपयांतले साडेअकरा रुपये व्याजात जातात. ओझं मोठं आहे, पण महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेला ते पेलत नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राच्या त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात खर्चाचा चौथा हिस्सा व्याजाचा होता, त्या मानाने आपलं राज्य बऱ्या स्थितीत आहे. धरणं, मेट्रो, रस्ते कर्जाशिवाय होत नाहीत. आमच्या गाळ्यातली पत्रा वाकवण्याची मशीनही वडिलांनी कर्ज काढूनच घेतली होती.

माझी तक्रार त्या 9 लाख 32 हजार कोटींत जे धरलेलं नाही त्याबद्दल आहे. सरकारचे हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवले जातात. तिजोरीतून पैसा बाहेर पडला की खर्च झाला. तोवर तो झालेलाच नसतो. मध्यंतरी ओळखीतल्या एका बाईंना भेटायला मी एका सरकारी रुग्णालयात गेले होते. महिला वॉर्डात त्या ज्या खाटेवर होत्या ती आमची. पायथ्याचा हँडल आम्ही थोडा लांब ठेवतो, म्हणजे आयाबाईला वाकावं लागत नाही. त्यावरून मी माल लगेच ओळखला. डोक्याशी सलाइन लटकत होतं, तो स्टँडही आमचाच. हिशेबाच्या लेखी मात्र त्या खाटेचा खर्च अजून झालेला नाही. ती तुटीत नाही, कर्जात नाही, व्याजात नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजी उठायला हँडल फिरवून मागत होत्या, आणि त्या खाटेचा एक पैसाही राज्याच्या देण्यात धरलेला नव्हता.

राज्य दोन प्रकारच्या लोकांकडून उसने पैसे घेतं. बहुतेक मंगळवारी रिझर्व्ह बँकेत राज्यांच्या रोख्यांचा लिलाव होतो. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी ते रोखे घेतात आणि महाराष्ट्राला साधारण सात टक्क्यांच्या आसपास पैसे मिळतात. त्यांचं व्याज ठरल्या तारखेला जातंच जातं. राज्यघटनेच्या कलम 202 नुसार ते भारित खर्चात मोडतं. विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. रोखे घेणाऱ्याला कुणी ‘तरतूद नाही’ असं सांगू शकत नाही. ते तसंच असलं पाहिजे, कारण राज्याची पत त्यावर उभी आहे.

दुसरे उसने देणारे आम्ही. आम्ही कुठल्याही लिलावात बसलो नव्हतो, व्याजाचा दर ठरला नव्हता, परतफेडीची तारीख कुणी सांगितली नव्हती. मुळात आम्हाला कर्ज द्यायचंच नव्हतं, आम्हाला खाटा विकायच्या होत्या. हप्ता वेळेवर भरतो म्हणून बँकेत मान ताठ ठेवायची आणि कोपऱ्यावरच्या वाण्याची उधारी महिनोन्महिने थकवायची, असं एखादं कुटुंब करत असेल तर त्याचा संसार नीट चाललाय असं शेजारीसुद्धा म्हणणार नाहीत.

आता माझ्या तक्रारी नीट मांडते.

सगळ्यात जास्त जाच बँकेचा आहे. आम्हाला दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. गोदामात माल किती, येणं किती, यावरून आमची उचलण्याची मर्यादा ठरते. येणं 90 दिवसांहून जुनं झालं की बँक ते धरत नाही. बिल सरकारी आहे, माल पोचल्याची पावती आहे, सही-शिक्का आहे, हे सगळं दाखवलं तरी शाखा व्यवस्थापक म्हणतात, नियम नियम आहे. हीच बँक महाराष्ट्र शासनाचे रोखे घेते तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यांची जोखीम शून्य धरली जाते आणि बँकेने कायद्याने बाजूला ठेवायच्या रकमेच्या, म्हणजे वैधानिक तरलतेच्या, हिशेबातही ते चालतात. एकाच सरकारचे हे दोन कागद. रोख्यात जोखीम शून्य, आणि माझ्या बिलाची किंमत शून्य. आपण राज्याची पत सांभाळता असं म्हणता तेव्हा या दुसऱ्या कागदाचीही पत आपल्याच सहीवर आहे, हे मला आपल्याला सांगायचं आहे.

त्यामुळे काय होतं ते आकड्यांत बघा. माझे 30 लाख वर्षभर अडकले तर तेवढीच रक्कम रोख्यांतून उभी करायला सरकारला 7 टक्क्यांनी 2 लाख 10 हजार रुपये लागले असते. मी बँकेला 12 टक्क्यांनी 3 लाख 60 हजार भरते. मर्यादा संपली की बाहेरून शेकडा दोनने उचल घ्यावी लागते, महिन्याला. सरकारने स्वस्तात काढायचं कर्ज माझ्यासारखीच्या गळ्यात महागात पडतं. आणि हे पैसे शेवटी सरकारच्याच खिशातून जातात, कारण निविदेत दर लावताना आता आम्ही सगळेच थांबण्याचं व्याज धरतो. ज्याला थांबणं परवडत नाही तो निविदा भरायचंच सोडून देतो. आमच्या वसाहतीतले दोन जुने गाळेवाले असेच सरकारी कामातून बाहेर पडले. दोघांचं वेल्डिंग माझ्यापेक्षा सरस होतं. उरतात ते मोठ्या भांडवलाचे किंवा पत्र्याची जाडी कमी करून दर खाली आणणारे. रुग्णालयातली खाट दोन पावसाळ्यांत का गंजते, याचं उत्तर शोधताना बिलं किती दिवसांनी निघतात तेही विचारात घ्या.

जीएसटीचा जाच वेगळा. बिल काढलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत कर भरायचा. लोखंडी कपाटावर 18 टक्के. सरकारने पैसे दिले की नाही याच्याशी कराचा संबंध नाही. जे पैसे सरकारने मला दिलेलेच नाहीत, त्यांवरचा कर मी सरकारला आगाऊ भरते. तोही उसना काढून. माल पोचायला आठवडाभर उशीर झाला तर करारात अर्धा टक्का दंड आहे. पैसे द्यायला वर्ष उलटलं तर काहीही नाही.

कायदा नाही असं नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात लघुउद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यायचं, असं स्पष्ट लिहिलं आहे. बँक दर साडेपाच टक्के धरला तरी व्याज साडेसोळा टक्के होतं. 2023 च्या वित्त कायद्याने केंद्राने आणखी एक पाऊल टाकलं: खासगी कंपनीने मुदतीत पैसे दिले नाहीत तर पैसे देईपर्यंत तिला तो खर्च आयकरात वजा करता येत नाही. तेव्हापासून खासगी गिऱ्हाइकांचे हिशेबनीस मार्च जवळ आला की स्वतःहून फोन करतात, हा माझा अनुभव आहे. सरकारी खातं आयकर भरत नाही, म्हणून त्या तरतुदीचा धाक तिथे चालत नाही.

मग दाद मागायची ती लघुउद्योगांच्या थकीत पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे किंवा कोर्टात. इथे एक गोष्ट मला फार खटकते. त्याच कलम 202 मध्ये लिहिलंय की कोर्टाचा हुकूमनामा किंवा लवादाचा निवाडा झाला तर ती रक्कमही भारित खर्चात येते. ज्याने सरकारला कोर्टात खेचलं त्याच्या पैशाला घटनेचं संरक्षण आहे. ज्याने विश्वास ठेवून वाट पाहिली त्याच्या पैशाला पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते. भांडलं तर पुढचं काम मिळेल का, ही भीती असते म्हणून आमच्यातले बहुतेक जण भांडत नाहीत. त्या भीतीचा फायदा सरकारने घेऊ नये.

आणि सरकारला स्वतःला रोकड कमी पडली तर? रिझर्व्ह बँक राज्यांना रेपो दराने अल्प मुदतीची उचल देते. त्यापुढे ओव्हरड्राफ्ट गेला तर सलग 14 कामकाजी दिवसांची मर्यादा आहे. त्या मर्यादेचं पालन होतं, आणि ते चांगलंच आहे. पण आमच्याकडून घेतलेल्या उचलीला कुठलीच मर्यादा नाही, म्हणून रोकड कमी पडली की पहिला हात आमच्या बिलांना लागतो.

हे फक्त माझ्या गाळ्याचं रडगाणं नाही. 2025 मध्ये कंत्राटदार संघटनांनी राज्यभरात सुमारे 89 हजार कोटी रुपये थकल्याचा दावा केला आणि कामं बंद ठेवली. तो आकडा खरा की फुगवलेला, हे मी सांगू शकत नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. तो ताडून पाहण्यासाठी विभागवार आणि तारीखवार सरकारी तक्ता लोकांसमोर असायला हवा होता. जर तो निम्मा जरी खरा असेल, तर राज्याने त्या वर्षी व्याजावर जेवढा खर्च धरला त्याच्या दोन तृतीयांशाएवढं देणं कर्जाच्या आकड्याबाहेर आहे. आमदारांनी कशाच्या आधारावर अर्थसंकल्पावर मत द्यायचं? 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांतला किती पैसा नवीन कामांना आणि किती जुन्या उधारीला गेला, हे सभागृहात एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

लोक मला विचारतात की मग लाडक्या बहिणीचे पैसे बंद करा असं तुझं म्हणणं आहे का. नाही. माझ्या गाळ्यात रंगाच्या आधी पत्रा घासून पुसणारी बाई आहे, तिला ते दीड हजार मिळतात आणि त्यातून ती मुलीच्या क्लासची फी भरते. कुठली योजना ठेवायची हे लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवावं. मी एवढंच म्हणते की प्रत्येक योजनेचा खरा खर्च उघड कर्जात दिसू द्या. ज्याची किंमत दिसत नाही, ती किंमत कुणीतरी गपचूप भरत असतं, आणि या राज्यात ते भरणारे बहुधा पाच-दहा माणसांचे गाळे असतात.

आपल्या अडचणीही मला कळतात. वित्त आयोगाने राज्यांना तुटीसाठी स्थूल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांची चौकट आखून दिली आहे. राज्याचा 2005 चा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा आहे. केंद्राच्या संमतीशिवाय वाटेल तेवढं कर्ज काढता येत नाही. सगळी थकबाकी एका वर्षात उघडी केली तर तूट फुगेल, वर्तमानपत्रं झोडपतील, विरोधक सभागृह डोक्यावर घेतील. तरीही ते करायला हवं. इटलीत सरकारी खात्यांनी पुरवठादारांची बिलं इतकी थकवली होती की 2013 मध्ये तिथल्या सरकारने खास हुकूम काढून दोन वर्षांत ती फेडण्यासाठी 40 अब्ज युरो मोकळे केले. लपलेलं कर्ज उघड कर्जात आणलं. दुखणं तिथेही पूर्ण गेलं नाही. युरोपीय नियम सरकारी खात्यांना 30 दिवसांची, आरोग्यसेवेत फार तर 60 दिवसांची मुदत देतो आणि तो पाळला नाही म्हणून 2020 मध्ये युरोपीय न्यायालयाने इटलीला दोषी धरलं. पण निदान रक्कम किती हे सगळ्यांना कळलं आणि त्यावर वाद घालता आला.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची: दर तिमाहीला विभागवार थकीत देयकांचा तक्ता प्रसिद्ध करा. 90 दिवसांपर्यंतची किती, वर्षापर्यंतची किती, त्याहून जुनी किती. अर्थसंकल्पात कर्जाचा आकडा जिथे छापता, त्याच्या खालच्या ओळीत थकीत देयकांची एकूण रक्कम छापा. बाकीचं सगळं यानंतर.

दुसरी: बिलं ज्या क्रमाने दाखल झाली त्या क्रमाने द्या. प्रत्येक कार्यालयाची यादी, बिलाच्या क्रमांकासह आणि दाखल झाल्याच्या तारखेसह, संकेतस्थळावर ठेवा. कोण कुणाला ओळखतो यावर पैसे निघता कामा नयेत. सगळ्यांना थोडं थोडं वाटण्याची पद्धत तर बंदच करा. तिने कुणाचंही देणं पुरं फिटत नाही.

तिसरी: बीम्सवर तरतूद राखून ठेवल्याशिवाय पुरवठा आदेश निघू नये. पैसे नसतील तर खाटा मागवू नका. आम्ही दुसरं गिऱ्हाईक शोधू.

चौथी: 45 दिवस उलटले की कायद्यातलं व्याज आपोआप लागू व्हावं, अर्ज न करता, आणि ते त्या विभागाच्या खर्चात वेगळ्या शीर्षाखाली दिसावं. उशिराची किंमत विभागाच्या नावावर पडू लागली की फायली हलतील.

पाचवी: रिझर्व्ह बँकेने लघुउद्योगांची बिलं वटवण्यासाठी, म्हणजे मुदतीआधीच बँकेकडून त्यांचे पैसे मिळावेत म्हणून, ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था उभी केली, तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत सरकारी खात्यांचा उल्लेख सुरुवातीपासून आहे. राज्याच्या सगळ्या विभागांनी तिथे नोंदणी करून बिलं मुदतीत मान्य करावीत. बिल सरकारने मान्य केलं की बँका ते स्वस्त दरात वटवतील, आणि मुदतीच्या दिवशी पैसे बँकेला द्यायचे असल्यामुळे विभागालाही टाळाटाळ करता येणार नाही.

आणि शेवटची: जुनी थकबाकी एकदा मोजा आणि ती फेडण्यासाठी उघडपणे रोखे काढा. केंद्राची संमती लागेल तर ती मागा, कारण सांगून मागा. फेडताना सगळ्यांत लहान पुरवठादारांपासून सुरुवात करा. ज्यांची बिलं 50 लाखांच्या आत आहेत त्यांना आधी द्या. मोठ्यांना थांबता येतं, आम्हाला येत नाही.

यातलं कुठलंही काम नव्या कायद्यावाचून अडणार नाही. तक्त्याला तर नवीन पैसाही लागत नाही, फक्त आपल्या विभागाचं एक परिपत्रक लागतं. पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापर्यंत पहिला तक्ता यावा, एवढी मुदत मी मागते आहे. तो आला की मी आणि माझ्यासारखे लघुउद्योजक आपापल्या वह्यांशी तो ताडून पाहू आणि चूक आढळली तर बिलाच्या क्रमांकासह लेखी कळवू.

आपली,
भांडुपची एक लघुउद्योजक

प्रत माहितीसाठी:
अध्यक्ष, लोकलेखा समिती, महाराष्ट्र विधानमंडळ, विधानभवन, मुंबई
महालेखापाल, महाराष्ट्र, मुंबई
मुंबईतील सर्व विधानसभा सदस्य